तारा : अर्थ पाचवा

४ फेब्रुवारी

खारू,

‘तिचा पत्ता मिळाला तरच लिही, नाहीतर लिहूच नकोस,’ असं जाताना बजावून गेलीस. दोन वर्षं मी तुझं ऐकलं. आज ऐकत नाहीये. पत्ता अजून हाती आलेला नाही. चौकशी चालू आहे. इतक्या वर्षांनी माणूस शोधायचं म्हणजे वेळ हा लागतोच, तूच विचार कर.

लिहायला कारण झालं ऑफिसचं. आमचा शब्दकोश एकदाचा ‘त’वर आला. तू गेलीस तेव्हा आम्ही ‘ज’मध्ये रुतून बसलो होतो आणि ‘जाणे’ या एकाच क्रियापदाने आमचे सात आठवडे खाल्ले होते. दर सोमवारी सर शब्द वाटून देतात, ते तुला माहीतच आहे. शाळा सुटली की त्याच टेबलाखाली तू फतकल मारून बसलेली असायचीस. या सोमवारी सरांनी माझ्यापुढे चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा सरकवला. वरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘तारा’.

मी म्हटलं, “सर, मला ‘तराजू’ द्या ना.”

“‘तराजू’ अनुस्वारांना दिलाय. का, ‘तारा’त काय वाईट आहे?”

अनुस्वार म्हणजे आमचे मुद्रितशोधक. तुझ्या वेळी ते नव्हते. ठेंगणे, गोल, आणि कधीही येऊन डोक्यावर बसणारे, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे आणि बहुतेक आवडतंही. ते म्हणाले, “घ्या हो बाई. ‘तारे तोडणे’ला उदाहरणं शोधायला लांब जायला नको. आपल्या मीटिंगची टिपणं काढा, झालं.”

सगळे हसले. मीही हसले आणि गठ्ठा उचलला.

चार अर्थ दोन दिवसांत लागले. पहिला आकाशातला. दुसरा डोळ्यातली बाहुली. तिसरा नशीब, ‘त्याचे तारे फिरले’ म्हणतात तो. चौथा मोठा माणूस, जो वर्तमानपत्रात महिन्याला एकदा तरी निखळतो. मग वाक्प्रचार. डोकं दारावर आपटलं की डोळ्यांपुढे चमकतात ते तारे, आणि प्रेमात पडलेला माणूस जे तोडून आणून देणार असतो तेही. पाचवा अर्थ मात्र एकाही चिठ्ठीवर नव्हता. मी तीनदा चाळून पाहिल्या.

तो अर्थ तुला ठाऊक आहे.

तुला वाटत असेल, मी ठरवून, विचार करून तसं म्हटलं. नाही गं. तू चार वर्षांची होतीस. तुझे बाबा तू दोन वर्षांची असतानाच दुसरीकडे संसार मांडून मोकळे झाले होते. तुझ्या आईचं मन थाऱ्यावर राहिलं नव्हतं. एका दुपारी तिने तुला चपलांच्या दुकानातल्या बाकावर बसवलं आणि निघून गेली. तीन गल्ल्या पलीकडे सापडली, तेव्हा आपल्याला मूल आहे हेच तिला आठवेना. मग तिला मनोरुग्णालयात न्यावं लागलं. डॉक्टर म्हणाले, “एक वर्ष लागेल, पाच लागतील, कदाचित इथेच राहावं लागेल.” आणि तू माझ्या पदराला धरून विचारत होतीस, आई कुठेय, आई कुठेय. एका संध्याकाळी खिडकीत उभी राहून विचारलंस. समोर आकाशात एक तारा होता. मी बोट दाखवून म्हटलं, “ती बघ. आई तारा झाली.”

तू बघितलंस आणि म्हणालीस, “तारा तर ‘तो’ असतो. आई ‘ती’ असते.”

चार वर्षांच्या मुलीने कोशात काम करणाऱ्या मावशीची लिंगाची चूक काढली.

फसवायचा हेतू नव्हता. तेवढंच कळवायचं होतं.

मावशी

२६ फेब्रुवारी

खारू,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पाकीट परत आलं नाही म्हणजे पोचलं, एवढ्यावर मी समाधान मानतेय.

त्या पाचव्या अर्थाचं पुढे काय झालं ते सांगते. मी तो लिहून सरांपुढे ठेवला. ‘तारा होणे : (लहान मुलांशी बोलताना) मरणे.’ सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

“अर्थ बरोबर आहे. घरोघर म्हणतात. पण आधार कुठाय? छापील नसेल तर बोलण्यातला द्या. कोणी म्हटलं, कोणाला, कधी.”

मी चिठ्ठीवर लिहिलं : म्हणणारी, मावशी. ऐकणारी, चार वर्षांची भाची. खाली साल टाकलं. चिठ्ठी तपासायला अनुस्वारांकडे गेली. त्यांनी पेन्सिलीचं टोक ‘मरणे’वर टेकवून सहज विचारलं, “आणि बाई, गेलं कोण होतं?”

“माझी बहीण.”

“अरेरे. माफ करा हं. मला काहीच कल्पना नव्हती.”

त्यांनी लगेच चहा मागवला. स्वतःची खुर्ची सोडून मला पंख्याखाली बसवलं. अर्धा तास इतकं हळू बोलत होते की बाकीच्यांना वाटलं, आत्ताच तार आलीय. आणि मी तो चहा प्यायले, खारू. बहीण जिवंत आहे हे तुला माहीत, मला माहीत, आणि तरी मी तिच्या मरणाचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

घरी येताना बसमध्ये तुझं तिसरीतलं एक आठवलं. तुला आठवतंय का बघ. संध्याकाळी पश्चिमेला जी ठळक चांदणी दिसायची, तिला तू रोज दिवसभराचं सगळं सांगायचीस. गणितात किती पडले, कुठला दात हलतोय, कोणाशी कट्टी आहे. मग एक दिवस शाळेतून आलीस ती दप्तरही न काढता माझ्यापुढे उभी राहिलीस.

“मावशी, ती तारा नाहीचे. बाई म्हणाल्या, तो शुक्र आहे. तो ग्रह असतो. त्याला स्वतःचा उजेडसुद्धा नसतो.”

मी म्हटलं, “असं म्हणाल्या का?”

“मग मी रोज कोणाला सांगत होते?”

त्या वेळी तुझी आई बरी होऊन दोन वर्षं झाली होती. खरं सांगायला त्याहून सोपी वेळ मला कधी मिळणार नव्हती. तू स्वतःच विचारत होतीस. आणि मी तुला ओढत खिडकीशी नेलं आणि म्हटलं, “अगं वेडे, ती नव्हेच. तिच्या शेजारी ती बारीकशी आहे बघ. ती.”

तू डोळे बारीक करून खूप वेळ बघितलंस. “किती लहान आहे. तिला इथलं ऐकू येत असेल?”

“येतं.”

अशी मी दुसऱ्यांदा तिला मारली. पहिल्या वेळी मी घाबरले होते. दुसऱ्या वेळी घाबरले नव्हते.

मग तू मोठी झालीस, आणि परदेशातल्या नोकरीच्या कागदांसाठी तुला आईच्या मृत्यूचा दाखला हवा झाला. मी म्हणत होते, मी आणते, मी बघते. तू ऐकलं नाहीस, स्वतः कचेरीत गेलीस. तिथल्या कारकुनाने चार रजिस्टरं उलटून सांगितलं, “अशी नोंद नाही. घरी नीट विचारा, त्या बाई खरंच गेल्यात का.” घरी येऊन तू तीनदा विचारलंस. दोनदा मी म्हटलं, कचेरीतला घोळ असेल. तिसऱ्यांदा तुझ्याकडे बघवेना. म्हटलं, जिवंत आहे. कुठे आहे ते माहीत नाही.

ते खोटं होतं. मागच्या पत्रात चौकशी चालू आहे म्हटलं, तेही. माझ्या कपाटात तिची नऊ पत्रं आहेत, आणि नऊच्या नऊ पाकिटांवर पत्ता आहे. तू तिच्याकडे गेलीस की माझी उरणार नाहीस, म्हणून दिला नाही. याहून चांगलं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पत्ता या पत्रात घालत नाहीये. दहा वर्षांत तिचं पत्र आलेलं नाही. ती अजून तिथे आहे का, आहे का तरी, हे आधी स्वतः जाऊन बघते. तुला रिकाम्या खोलीपुढे उभं राहायला लागू नये.

एकदा ती आली होती, तू सात वर्षांची असताना. मी तिला म्हटलं, थोडी थांब. तिने ऐकलं. तेव्हा ती समजूतदारपणे गेली.

मावशी

१९ मार्च

खारू,

अजून गेले नाही. दोनदा तिकीट काढलं, दोनदा परत केलं. दुसऱ्या वेळी खिडकीवरचा माणूस म्हणाला, “ताई, एकदा काय ते ठरवा.”

समजूतदारपणे गेली असं मी लिहिलं, ते पाकीट टाकल्यापासून माझ्या मनात फिरतंय. जसं झालं तसं लिहिते.

रविवार होता. सकाळचे अकरा. मी दार उघडलं तर समोर धाकटी. तुला माहीत आहे, मी तिला नावाने कधी हाक मारली नाही, धाकटीच म्हणायची. केस बारीक कापलेले, अंगाने सुकलेली, पण डोळे स्वच्छ. मला बघितल्याबरोबर कळलं की ही बरी झाली आहे. रुग्णालयाचं पत्र आधीच आलं होतं, ते मी वाचलं होतं आणि फाडलं होतं. म्हणजे मी तिची वाटच बघत होते, असंही म्हणता येईल. पण चोराची बघतात तशी.

तू आत स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट टाकून धडा वाचत होतीस. मोठ्याने, एकेक अक्षर लावून. कावळा आणि मडक्याचा काहीतरी धडा होता. धाकटीने माझ्या खांद्यावरून आत कान लावला.

“ती वाचते?” तिने विचारलं. “इतकं?”

मी बाहेर येऊन दार मागे ओढून घेतलं.

“ती तुला मेलेली समजते,” मी म्हटलं.

तिला आधी अर्थच लागला नाही. मग म्हणाली, “मग सांग ना, चुकलं म्हणून. माझं नाव सांग. मी इथे पायरीवर बसते हवं तर.”

“मुलांना असं एकदम नाही सांगता येत. आत्ता कुठे ती शांत झोपायला लागलीय. तू पुन्हा आजारी पडलीस तर? पुन्हा कुठल्या बाकावर ठेवून गेलीस तर?”

हे मी तिला म्हटलं. ज्याची तिला स्वतःला सगळ्यात जास्त भीती वाटत असेल, नेमकं तेच. तिचं तोंड एवढंसं झालं.

“ताई, नुसतं दारातून बघू दे. मी काही बोलणार नाही.”

“आज नको.”

“मग कधी?”

“ती सोळाची झाली की मी स्वतः सांगेन. तोवर पत्र लिही. मला लिही, तिला नको.”

ती उभी राहिली. तू तोच शब्द पुन्हा पुन्हा लावत होतीस, मडक्याला, मडक्याला, आणि तुला तो जमत नव्हता. धाकटी तो शब्द जमेपर्यंत थांबली. मग हातातली पिशवी माझ्याकडे दिली. आत एक फ्रॉक होता, रुग्णालयातल्या शिवणवर्गात शिवलेला. अंदाजाने शिवलेला, त्यामुळे तुला दोन वर्षांपूर्वी बसला असता एवढा. मी तो शेजारच्या मुलीला देऊन टाकला.

मी आत आले तेव्हा तू मान वर न करता विचारलंस, “कोण होतं?”

“पत्ता चुकलेल्या एक बाई होत्या.”

“मग तू सांगितलास पत्ता?”

“सांगितला.”

आता उद्या तिकीट काढते. या वेळी परत करणार नाही.

मावशी

१४ एप्रिल

खारू,

ती आहे. हे सगळ्यात आधी लिहिते म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. तुझी आई जिवंत आहे, धडधाकट आहे. पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर दिलाय. तिची नऊ पत्रंही याच पाकिटात आहेत. ती माझ्या नावाने आलेली असली तरी माझी नाहीत. तू आधी तीच वाच, मग हे वाचलंस तरी चालेल.

जिथे ती रुग्ण म्हणून गेली, तिथेच आता काम करते. तळघरात कपड्यांचा विभाग आहे, सगळ्या वॉर्डांच्या चादरी, अभ्रे, गणवेश तिथे धुऊन, इस्त्री होऊन जातात. ती आता तिथली मुख्य आहे. दोन बायका तिला ‘मोठ्या बाई’ म्हणत होत्या. मला गंमत वाटली, जन्मभर धाकटी म्हणून काढलेलं माणूस. वाफेने चष्मा धुरकटला होता, तो तिने पुसून डोळ्यांवर चढवला आणि मला ओळखलं.

पहिला प्रश्न विचारला, “कोण गेलं?”

“कोणी नाही.”

“मग तू कशी आलीस?”

मी म्हटलं, “पोरीला तुझा पत्ता हवाय.”

तिने हातातली घडी मोडली नाही. म्हणाली, “आता कशाला? तेव्हा नको म्हणाली ना ती. तूच तर कळवलंस.”

खारू, हे मी तुला सांगितलेलं नाही. कोणालाच नाही. तू सोळाची झालीस तेव्हा तिचं नववं पत्र आलं, ‘ताई, आता सांग.’ तुझा दहावीचा निकाल लागला होता, तू पेढे वाटत खुललेली होतीस, आपण दोघी नवी सायकल बघायला जाणार होतो. मी एक कार्ड घेतलं आणि दोन वाक्यं लिहिली. ‘तिला सांगितलं. तुला भेटायचं नाही म्हणाली.’ सायकलच्या दुकानासमोरच टपालपेटी होती. तू घंटा वाजवून बघत होतीस तेव्हा मी ते कार्ड आत टाकलं. त्यानंतर तिने लिहिलं नाही. तिने तुझा मान ठेवला.

तळघरात, मशीनच्या घरघरीत, हे मला ओरडून सांगावं लागलं. तीन शब्द बोलले की ती म्हणायची, “काय?” आणि मला ते पुन्हा म्हणावं लागायचं. शेवटी तिनेच हात करून मशीन बंद करायला सांगितलं. बाकीच्या बायका बाहेर गेल्या.

“म्हणजे तिला माहीतच नव्हतं, मी आहे?”

“नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कळलं. तेव्हाच पत्ता मागितला तिने.”

“दोन वर्षं.” तिने एक चादर उचलली, ठेवली. “आणि त्याआधी तिला काय वाटायचं? मी कुठेय?”

“मी सांगितलं होतं, तू तारा झालीस.”

तिने मान वर करून बघितलं. वर छत, आणि छताला वाफेचे नळ. “वर?”

“हो.”

“आणि मी इथे तळघरात अभ्रे मोजत होते.”

ती हसली. लहानपणी आम्हाला एकत्र ओरडा बसला की ती अशीच नाकातून हसायची. मग ते हसू मध्येच तुटलं आणि तिने चादरीचा बोळा तोंडावर धरला. मी जवळ जायला निघाले तर एक हात पुढे करून मला तिथेच थांबवलं.

तोंड पुसून म्हणाली, “वेडी झालीय म्हणून सांगायचंस गं. मला त्याचं काही वाटलं नसतं. वेडं माणूस बरं होतं, मी झाले ना. मेलेलं कसं बरं होणार?”

मी म्हटलं, “मला ती हवी होती.”

“ते मला त्या दिवशी दारातच कळलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, बरंच आहे. जिला इतकी हवी आहे तिच्याकडे ती सुखात राहील. पण नको म्हणाली असं लिहायला नको होतंस.”

मग तिने चादरीचं एक टोक माझ्याकडे फेकलं. “धर. काम पडलंय.” मोठी चादर, एकटीला घडी घालता येत नाही. आम्ही दोघी टोकं धरून मागे गेलो, झटकली, आणि एकमेकींकडे चालत आलो. टोकाला टोक जुळलं, तिने माझ्या हातातली टोकं घेतली. बोटाला बोट न लागू देता. अशा बावीस चादरी झाल्या. एकदाही लागलं नाही.

निघताना म्हणाली, “दे तिला पत्ता. पण आधी फोटो पाठव म्हणावं. एकदम समोर आली तर मला ओळखू यायची नाही, आणि ते तिच्यासमोर व्हायला नको.” जिन्यापर्यंत सोडायला आली. तिथे म्हणाली, “तू मात्र पुन्हा येऊ नकोस, ताई.”

फोटो लवकर पाठव. तुझा निळ्या स्वेटरमधला चांगला आहे.

मावशी

२ ऑगस्ट

खारू,

तुझं कार्ड आलं. सात ओळी. पाठ झाल्यात.

जूनमध्ये आलीस, वीस दिवस तिच्या खोलीवर राहिलीस, हे मला कार्डावरून कळलं. इथून बसने तीन तासांवर होतीस. कळलं असतं तर आले असते असं नाही, तिने नको म्हटलंय. पण त्या वीस दिवसांत मी एकदा बाजारात तुझ्यासारखी पाठ बघून मागे मागे गेले होते, आणि ती तू असूही शकली असतीस, असं आता वाटतं. आता ती तुझ्याकडे राहायला येतेय, कागद झाले, हेही वाचलं. तिला थंडी सोसत नाही. लहानपणापासून. तिकडे गेल्याबरोबर लोकरीचे मोजे घेऊन दे, ती स्वतः मागणार नाही.

‘अर्थ छापला का?’ असं तू शेवटून दुसऱ्या ओळीत विचारलंस. तू विचारशील असं वाटलं नव्हतं. छापला. पण आधी मी अनुस्वारांना खरं सांगितलं, माझी बहीण गेलेली नाही, कधीच गेली नव्हती. त्यांनी चिठ्ठी पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाले, “बाई, मग ही क्रिया मरणाऱ्याची नाही. सांगणाऱ्याची आहे.” ‘मरणे’ खोडून त्यांनी लिहिलं, ‘मेले असे सांगणे’. सरांना विचारलं. सर म्हणाले, दोन्ही ठेवा. त्या दिवशी अनुस्वारांनी माझ्यासाठी चहा मागवला नाही, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यावर येऊन बसत नाहीत. जपून वागतात. जसं खोटी चिठ्ठी सापडली की आम्ही त्या माणसाच्या सगळ्याच चिठ्ठ्या पुन्हा तपासतो, तसं.

आता तुझी शेवटची ओळ. आई रोज फोनवर विचारते, तू पाच वर्षांची असताना कशी होतीस, सहाव्या वर्षी काय खायचीस, कशाला घाबरायचीस, आणि तुला काहीच आठवत नाही. म्हणून ते मी तिला लिहायचं. ‘चौथ्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत. माझ्याबद्दल लिही, तुझ्याबद्दल नको. माफी मागू नकोस.’

लिहिते. माझ्याकडे ते सगळं आहे. एकही दिवस हरवलेला नाही.

मावशी

३ ऑगस्ट

धाकटे,

पोरीने सांगितलंय म्हणून लिहितेय. पहिल्यापासून सुरू करते.

तुला नेलं त्या सकाळी ती झोपली होती. साडेआठला उठली. दूध प्यायली, दाताला साय लागली म्हणून कुरकुरली. तुझ्याबद्दल विचारलं नाही. तू दुकानात गेली असशील असं तिला वाटलं असावं. मी तिला दोन बिस्किटं दिली. तिने दीड खाल्लं आणि अर्धं मुठीत घेऊन कुठेतरी गेली. कुठे, ते मला दोन दिवसांनी मुंग्यांची रांग लागली तेव्हा कळलं. तुझ्या उशीखाली ती रोज अर्धं बिस्कीट ठेवत होती.

मी सगळं झाडून घेतलं, चादर बदलली. दुपारी तिने जाऊन उशी उचलून बघितली आणि धावत माझ्याकडे आली. दोन्ही हात वर. “मावशी, आई येऊन खाऊन गेली!”

तिला नाही म्हणायला हवं होतं. तिचा चेहरा बघितला आणि नाही म्हटलं नाही.

त्यानंतर ती रोज ठेवायची. रोज सकाळी ती अंघोळीला गेली की मी ते उचलायचे, मुंग्या पुसायचे, उशी होती तशी ठेवायचे. मग मी ऑफिसला जायचे आणि शेजारच्या काकू तिच्याकडे बघायच्या. सतरा दिवस असं चाललं. त्या सतरा दिवसांत ती एकदाही रडली नाही. पदराला धरून सारखी विचारायची असं मी पोरीला लिहिलं होतं, तसं नव्हतं. रात्री न उठता झोपायची. काकूंना सांगायची, माझी आई येते पण घाईत असते. एक दिवस तिने तुझ्यासाठी अर्ध्याऐवजी अख्खं ठेवलं होतं, कारण आदल्या दिवशीचं तू फारच भराभर खाल्लंस असं तिचं म्हणणं होतं.

अठराव्या दिवशी मला उशीर झाला होता आणि मी उचलायला विसरले. संध्याकाळी परत आले तर ती खिडकीत उभी होती. तळहातावर ते बिस्कीट, मऊ पडलेलं. म्हणाली, “आज आई आली नाही. कुठेय ती?”

मग मी तिला जे सांगितलं ते तुला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला दोन बिस्किटं दिली. ती पाटावर बसली आणि तिने दोन्ही पूर्ण खाल्ली.